चिखलातली जंगलवाट, अ‍ॅडव्हेंचर बाईक आणि मित्र: राईड कशी करायची

टायर कुठला टाकू, सस्पेन्शन कसं सेट करू हे सगळे विचारतात, पण चिखलातल्या राईडचं निम्मं भवितव्य आपण कोणाला सोबत घेतो आणि कुठल्या क्रमाने गाड्या लावतो त्यावरच ठरतं, म्हणून आधी ग्रुपचं बोलू आणि मग गाडीचं.

दोघंच जाऊ नका. एकाला लागलं तर दुसऱ्याला त्याला एकटं सोडून मदत आणायला जावं लागतं. तिघं असले की एक थांबतो, एक जातो, हे कमीत कमी. चार-पाच जण सगळ्यात छान, कारण एवढ्यात कुठलीही गाडी उचलता येते, ओढता येते आणि कोणाला फार ताटकळत बसावं लागत नाही. सहाच्या वर गेलात की चिखलात एक वेगळीच भानगड होते. प्रत्येक गाडी वाट अजून खणत जाते, पहिल्याला जी नुसती ओली माती लागली ती सातव्याला गुडघाभर राबडी होऊन लागते. रोडवर आपण नवख्याला आरामात मागून ये म्हणतो ना, चिखलात ते अगदी उलटं करायचं, नवख्याला दुसऱ्या नंबरवर घ्यायचं. पुढे वाट वाचणारा, शक्यतो हलक्या गाडीवाला, त्याच्या मागे नवखा, मग मधे जड गाड्या आणि शेवटी ग्रुपमधला सगळ्यात पक्का चालवणारा, ज्याच्याकडे टूल्स, गाडी ओढायचा पट्टा आणि पंक्चर किट असेल. टूल्स पुढच्याकडे ठेवू नका, तो दोन किलोमीटर पुढे जाऊन बसला आणि मागे कोणाचा लिव्हर तुटला तर काय करणार.

रूट मात्र सगळ्यात जड गाडी आणि सगळ्यात नवखा माणूस बघूनच ठरवायचा. 160 किलोच्या आसपासची एक्सपल्स, 204 किलोची तेनेरे 700, 226 किलोची आफ्रिका ट्विन आणि 249 किलोची जीएस 1250 या सगळ्या अ‍ॅडव्हेंचर गाड्याच, पण रोडवर फारसा न जाणवणारा हा फरक चिखलात पहिल्यांदा गाडी पडली की कळतो आणि चौथ्यांदा पडली की उचलणाऱ्याच्या कंबरेला कळतो. चालवणाऱ्याला लाज वाटायला नको म्हणून त्याला अवघड वाटेवर नेणं ही मैत्री नाही, निघायच्या आधी मोकळेपणाने विचारा की बाबा तुला कितपत झेपेल, आणि तो जे सांगेल ते धरून वाट निवडा.

वेळेचा अंदाज सगळेच चुकवतात. मॅपवर 25 किलोमीटर दिसतं आणि आपण तासाभराचा हिशोब करतो, चिखलात कधीकधी तासाला 10 किलोमीटर सुद्धा होत नाहीत. म्हणून परत फिरायची वेळ आधीच ठरवून ठेवा, समजा दुपारी 1 वाजता जिथे असू तिथून मागे, आणि त्यावर जंगलात उभं राहून चर्चा करायची नाही, कारण दमलेल्या माणसाला नेहमी वाटतं की अजून थोडंच राहिलंय. पेट्रोलचं पण तसंच, सगळा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो, मायलेज रोडच्या मानाने बरंच कमी पडतं, तेव्हा टाकी फुल करूनच आत शिरा.

एकमेकांना सांभाळायचे नियम दोनच ठेवा, जास्त ठेवले तर कोणी पाळत नाही. पहिला, फाटा आला की थांबायचं आणि मागचा आपल्याला दिसेपर्यंत हलायचं नाही, प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याची काळजी घ्यायची, एवढ्याने अख्खा ग्रुप जोडलेला राहतो. दुसरा, चिखलाचा पट्टा किंवा चढ असला की एका वेळी एकच गाडी. पुढचा बाहेर पडून हात करेल तेव्हाच दुसऱ्याने शिरायचं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण चिखलात गाडी चालते ती मोमेंटमवर, म्हणजे आधी घेतलेल्या वेगाच्या जोरावर, आणि पुढचा मधेच अडकला की मागच्याला ब्रेक मारावा लागतो, मग दोघंही तिथेच. नेटवर्क असणार नाही हे धरून चाला, मॅप सगळ्यांच्या फोनमध्ये ऑफलाईन टाका आणि घरी कोणालातरी रूट आणि परत यायची वेळ सांगून ठेवा.

गाडीची तयारी

टायरपासून. रोडचे टायर चिखलात दोन मिनिटांत मातीने भरून गुळगुळीत होतात, मग कितीही भारी रायडर असला तरी गाडी बर्फावर चालल्यासारखी जाते. मोठे मोकळे ठोकळे असलेले नॉबी टायर हवेत, आणि दोन्हीचं बजेट नसेल तर निदान पुढचा तरी चांगला घ्या, मागचा घसरला तर गाडी डुलते, पुढचा घसरला तर आपण सरळ खाली.

हवा कमी करायची, पण किती ते गाडीवर आहे. मोठ्या गाड्यांना रोडवर सामान घेऊन 36 ते 42 पीएसआय असते, चिखलात 22 ते 25 वर आणली की टायर पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो. त्याखाली जायचा मोह होतो, पण वाटेत दगड आणि मुळं असतील तर रिम वाकते किंवा ट्यूब दोन बाजूंनी चिमटून पंक्चर होते. रिमलॉक (टायरला रिमवर घट्ट धरणारे क्लॅम्प) बसवलेले असतील तर टायर रिमवर फिरत नाही, पण रिम आणि ट्यूबचा धोका राहतोच. आणि हवा काढली म्हणजे परत भरायला छोटा पंप पाहिजेच, कमी हवेवर डांबरी रोडला 80 ने पळवणं धोक्याचं आहे, टायर तापतो आणि वळणावर गाडी अंग टाकते.

एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आणि ट्रॅक्शन कंट्रोल. ट्रॅक्शन कंट्रोल चिखलात बंदच करा, कारण मागचं चाक फिरायला लागलं की ते पॉवर कापतं, आणि चिखलात तर चाक थोडं फिरायलाच हवं, फिरताना ते ठोकळ्यांत भरलेली माती बाहेर फेकतं. एबीएस मागचं बंद, पुढचं ऑफरोड मोडवर असेल तर राहू द्या. एक गोष्ट लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत चावी बंद करून चालू केली की हे सगळं सेटिंग मूळ जागी येतं. गाडी पडली, चावी बंद केली, उचलली, चालू केली आणि आपण चढाला लागलो, मग अर्ध्यात पॉवर का गेली ते कळत नाही. चालू केलं की डिस्प्लेवर नजर टाकायची सवयच लावून घ्या.

क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प हँडलवर थोडे सैल ठेवा, हाताने जोर लावला तर फिरतील इतपत. गाडी पडली की लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो. हँडगार्ड मजबूत, आतून लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असलेले. चेन थोडी सैलच बरी, कारण चिखल स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चकतीत) भरला की चेन आपोआप ताणली जाते. पुढचं मडगार्ड टायरला चिकटून असेल तर चिकण मातीत त्यात गाळ भरून चाक अक्षरशः जाम होतं, उंच मडगार्ड बसवता आलं तर बघा, नाहीतर खरवडायला एक काडी किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर हाताशी ठेवा.

सामान कमी आणि खाली. आणि या वाटांवर गाडीच्या बाजूला लावायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या नकोच, माझं मत ठाम आहे. चिखलात पाय टेकवावा लागतो, गाडी पुढे सरकते आणि पाय पेटीखाली येतो, घोट्याची आणि नडगीची वाट लागते. कापडी बॅगा लावा. अंगावर काय घालायचं ते फार लांबवत नाही, फक्त बुटात काटकसर करू नका, घोटा धरून ठेवणारे नडगीपर्यंतचे बूट पाहिजेत, गुडघ्याला गार्ड, आणि हेल्मेटच्या व्हायझरवर वाफ धरते म्हणून जमलं तर गॉगल. हातमोज्यांचा दुसरा जोड कोरड्या पिशवीत ठेवा, ओल्या चिखलट मोज्यांनी क्लच नीट कळत नाही.

चिखल वाचायला शिका

सगळा चिखल एकसारखा नसतो. वर बोटभर निसरडा थर आणि खाली टणक जमीन असेल तर तिथे स्पीड नको, झटका नको, सगळं हळुवार, ठोकळे थर कापून खाली पकडतात. खोल मऊ गाळ असेल तर तिथे हळू गेलात की बसलात, तिथे ठरवून आत शिरायचं आणि रेस न सोडता बाहेर पडायचं. चिकण माती सगळ्यात वाईट, ती टायरवर थर चढवत जाते. वरून नुसतं बघून हे कळत नाही, म्हणून उतरा आणि चालून बघा. बुटाची टाच मारा, काठीने टोचा, खाली टणक लागतं का. दोन मिनिटं चालण्यात जातात, गाडी फसली तर अर्धा तास जातो.

पाण्याचं डबकं दिसलं की माणूस कडेने जायला बघतो. कधी बरोबर, कधी नाही, कारण कडेला उतरती चिकण माती असते आणि गाडी घसरून मधे जातेच, ती पण आडवी. जीपच्या चाकोऱ्या असतील तर दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा बऱ्याचदा टणक असतो पण अरुंद आणि निसरडा, एकदा त्यावरून चाकोरीत घसरलात की पुढचं चाक एका पातळीवर आणि मागचं दुसऱ्या. माझा कल असा, की चाकोरी उथळ असेल तर सरळ तिच्यातच घाला, निदान ती कुठे नेते ते माहीत असतं. इतकी खोल असेल की फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) कडेला घासतील, तर तिच्यात जायचं नाही.

चाकोरीत शिरलात की नजर तिच्या शेवटाला लावा. पुढच्या चाकाकडे बघाल तर हँडल हलवाल, हँडल हलवलं की टायर भिंतीवर चढायला बघतो आणि आपण पडतो. गाडीला चाकोरीत थोडी वळवळू द्या. चाकोरी ओलांडायची असेल तर तिरकं कधीच नाही, जमेल तेवढं काटकोनात. ओल्या मुळांचं पण तेच. पालापाचोळ्याखाली मुळं लपलेली असतात, तिरकं गेलात की चाक त्यांच्या बाजूने घसरत जातं, मुळाला सरळ भिडायचं, त्यावर असताना ब्रेक नाही, रेस नाही, फक्त गाडीला वाहू द्यायचं.

चालवताना

उभं राहा. फूटपेगवर पायाचा मधला भाग, गुडघे किंचित वाकलेले आणि टाकीला लागलेले, कोपर बाहेर, हँडल धरायचं पण आवळायचं नाही. हात दमतात ते हँडलला लटकल्यामुळे, गुडघ्यांनी गाडी धरली की हात मोकळे होतात आणि पुढचं चाक आपली वाट आपण शोधतं, गाडी खाली डुलली तरी शरीर सरळ राहतं. खूप घसरडं झालं, स्पीड अगदी चालण्याएवढा झाला, तर खाली बसून दोन्ही पाय सोडून जायला काही हरकत नाही, त्यात कमीपणा कसला.

बहुतेक ठिकाणी दुसरा गिअर. पहिल्यात गाडी झटके देते, मागचं चाक उगाच घसरतं. दुसऱ्यात रेस एकसारखी आणि एक-दोन बोटं क्लचवर, पॉवर कमी-जास्त करायची ती क्लचने. मागचं चाक एका बाजूला गेलं तर घाबरून रेस एकदम सोडू नका, सोडली की पुढच्या चाकावर वजन येतं आणि ते गाळात रुततं, तिथेच पडतो आपण. थोडी रेस तशीच ठेवा, नजर पुढे, गाडी स्वतः सरळ होते. वळताना बाहेरच्या फूटपेगवर वजन टाका, गाडी कलती पण आपण सरळ, म्हणजे टायर खाली दाबला जातो.

चढाला जे करायचं ते खालीच करा, स्पीड आणि गिअर दोन्ही चढाच्या आधी. मधे गाडी थांबली तर लोक पुढचा ब्रेक दाबून उभे राहतात आणि गाडी पुढचं चाक लॉक होऊनही मागे घसरत येते, कारण चढावर सगळं वजन मागच्या चाकावर असतं. तेव्हा इंजिन गिअरमध्येच बंद होऊ द्या आणि क्लच सोडलेला ठेवा, इंजिनच मागच्या चाकाला धरून ठेवतं. मग पुढचा ब्रेक दाबून, क्लच हळूहळू सोडत-दाबत, थोडं थोडं मागे येऊन गाडी आडवी वळवून खाली घ्या. मित्र असतील तर एकाने मागचा रॅक धरायचा. पण गाडीच्या बरोबर खाली कोणी उभं राहायचं नाही, बाजूलाच.

उताराला पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, गाडी इंजिनवर उतरू द्या. मागचा ब्रेक हलका, पुढचा एका बोटाने, अगदीच गरजेपुरता. चाक लॉक झालं की लगेच सोडा, फिरणारं चाक वळतं, लॉक झालेलं नुसतं घसरतं.

फसलात तर

चाक जागच्या जागी फिरायला लागलं आणि गाडी हलत नाही, तर रेस देणं तिथल्या तिथे थांबवा. हे सगळ्यात जास्त लोक चुकतात, इरेला पेटतात, गाडी एक्सलपर्यंत खाली जाते आणि क्लचचा जळका वास येतो. क्लच जळला तर जंगलात उपाय नाही. वास आला की इंजिन बंद आणि गाडी गार होऊ द्या, तेवढ्यात रेडिएटरवरचा गाळ पण काढा, तो भरला की फॅन कितीही फिरला तरी इंजिन तापणारच.

आता उतरा. खोल रुतलेली गाडी बऱ्याचदा आपली आपण उभी राहते. एकजण हँडलला, बाजूला उभा राहून, पहिल्या गिअरमध्ये हलकी रेस, दुसरा मागून रॅकला उचलून ढकलणार, आणि शक्य असेल तर तिसरा पुढून पट्ट्याने ओढणार. पट्टा फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना) खालच्या क्लॅम्पजवळ लावा, हँडलला नाही. मागच्याने चाकाच्या रेषेत उभं राहू नये, तोंडभर चिखल येतो आणि त्यात दगड असतात. तरी नाही निघाली तर गाडी हळूच एका कुशीवर पाडा. चाकाखालचा खड्डा मोकळा होतो, त्यात दगड, वाळलेली लाकडं टाका, गाडी उभी करा, निघते. झाडाच्या जिवंत फांद्या तोडायची काही गरज नसते, खाली पडलेलं भरपूर असतं.

पडलेली गाडी उचलायची पद्धत: आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), मग गिअरमध्ये टाका म्हणजे उभी होताना पळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच उघडून ठेवा म्हणजे पलीकडे जाणार नाही. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करा, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा सीटखालच्या पकडीला, कंबर सीटला टेकवा आणि पायांच्या जोरावर मागे छोटी छोटी पावलं टाकत जा. पाठ वाकवून हिसका मारायचा नाही. मित्र जवळ असेल तर एकट्याने उचलूच नका, दिवसभर शक्ती पुरवायची असते, पहिल्या तासात ताकद दाखवणारा माणूस तिसऱ्या तासात दर शंभर मीटरला पडतो.

ओढा आला तर आधी पायी ओलांडा. पाणी एअर इनटेकच्या (इंजिन हवा घेतं त्या तोंडाच्या) जवळ जात असेल तर गाडी चालवत नेऊ नका, इंजिन बंद करून तिघांनी ढकलत न्या, किंवा परत फिरा. पाण्यात गाडी पडून बुडाली तर स्टार्टर दाबायचा नाही, म्हणजे नाहीच. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर काढा, एअर फिल्टर बघा, स्पार्क प्लग काढा, मग स्टार्टर मारून पाणी उडवून टाका, ऑईलच्या काचेत दुधाळ दिसलं तर इंजिन चालू न करता ओढत नेणंच बरं.

कोणाला लागलं तर पहिलं काम गाडी उचलायचं नाही, माणूस. इंजिन बंद, मागून येणाऱ्याला थांबवायला एकजण पळतो, आणि जखमी माणसाला उगाच उठवून बसवायचं नाही, मान-पाठ दुखते का, हातापायाची बोटं हलतात का ते विचारा. तो नेमका गाडीखाली अडकला असेल तर मात्र गाडी लगेच उचलायची, सायलेन्सर भाजतो आणि टाकीतून पेट्रोल गळत असतं. दाबून बांधायच्या पट्ट्या, भाजल्यावरचं मलम आणि पिण्याचं भरपूर पाणी प्रत्येकाकडे असावं, एकाकडेच नाही.

जंगलात आपण पाहुणे, हे खरंच मनात असू द्या. जिथे गाडीला परवानगी आहे त्याच वाटेने जा, डबकं टाळायला बाजूच्या झुडपातून नवी वाट पाडू नका, तशी वाट पडली की पुढचे सगळे तिथूनच जातात, माती वाहून जाते आणि मग ती वाटच बंद केली जाते. मुसळधार पाऊस नुकताच पडून गेला असेल तर एक-दोन दिवस थांबा, वाट पण वाचते आणि आपण पण. जनावर दिसलं की इंजिन बंद करून थांबायचं, हॉर्न नाही, मागे लागणं नाही. पायी चालणारे भेटले तर चालण्याच्या स्पीडने बाजूने जा, त्यांच्यावर चिखल उडवू नका. अंधार पडायच्या आत बाहेर निघा, संध्याकाळी जनावरं वाटेवर येतात आणि हेडलाईटमध्ये चाकोरीची खोली कळत नाही.

बाहेर आल्यावर डांबरी लागण्याआधी टायरमध्ये हवा भरा आणि ब्रेक दोन-तीनदा दाबून बघा, चिखलाने पॅड एका दिवसात बरेच झिजतात. घरी गाडी त्याच दिवशी धुवा, वाळलेला गाळ काढणं फार जिवावर येतं, फक्त प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर, फोर्कच्या सीलवर आणि रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारू नका. धुऊन झालं की चेन पुसून लगेच ल्यूब करा, एअर फिल्टर काढून बघा, आणि चाकांचे, फूटपेगचे, हँडगार्डचे बोल्ट एकदा पान्याने तपासा, त्या वाटेवर काहीतरी सैल झालेलं असतंच.